तुमचा डेस्कटॉप कोणत्या पंगतीला बसतो?

(अभ्यासिकेच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. शिव्या तेवढ्या काढल्यात.)



आधीच सांगून टाकतो, मी काही इंजिनियर नाही. दिवसा प्रिंटर दुरुस्त करतो, संध्याकाळी अभ्यासिकेची चावी माझ्याकडे असते. आज मला उभं केलंय ते माझ्याकडे अक्कल जास्त आहे म्हणून नव्हे. मी एक घोडचूक केलीय आणि ती पुन्हा कुणी करू नये अशी कमिटीची इच्छा आहे. तेव्हा बसा. पंख्याचा आवाज फार आहे, मागचे पुढं या.

विषय असा, की आपल्या मशीनवर लिनक्सची कोणती डिस्ट्रो टाकायची. हा विषय निघाला की आपली पोरं लगेच हमरीतुमरीवर येतात. एक म्हणतो उबुंटू, दुसरा म्हणतो आर्च, तिसऱ्यानं काल रात्री मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिलेला असतो. मी म्हणतो, जरा गप्प बसा. पहिला प्रश्न डिस्ट्रोचा नाहीच. पहिला प्रश्न डेस्कटॉपचा आहे.

नवीन पोरांसाठी दोन वाक्यं. लिनक्स म्हणजे आतला गाभा, कर्नल. तो डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते काय? खालची पट्टी, मेनू, खिडक्या, फाइली ठेवायचे कप्पे, कुलूपबंद पडदा, आवाज कमीजास्त करायची खूण. हे सगळं मिळून होतं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. ते वेगळेच लोक बनवतात आणि ते एक नाही, अनेक आहेत. ग्नोम आहे, केडीई प्लाझ्मा आहे, एक्सएफसीई आहे, सिनॅमन, माटे, एलएक्सक्यूटी. मग डिस्ट्रो म्हणजे कोण? तर हे सगळं साहित्य गोळा करून, शिजवून, वाढणारी मंडळी. कर्नल इथून आणला, डेस्कटॉप तिथून, ब्राउझर आणखी कुठून. एकमेकांशी जुळवून दिला आणि पुढची काही वर्षं दुरुस्त्या पुरवल्या.

आता प्रत्येक डिस्ट्रोवाला छाती ठोकून सांगतो, आमच्या भांडारात सगळे डेस्कटॉप आहेत, पाहिजे तो घ्या! खोटं नाही ते. आहेत. पण 'आहेत' म्हणजे काय रे बाबांनो? लग्नात जेवण सगळ्यांनाच असतं. पहिल्या पंगतीला कोण बसतं आणि शेवटच्या पंगतीला पातेल्यात काय उरतं, हे इथं बसलेल्यांना मी सांगायला नको. डिस्ट्रोचंही अगदी तसंच. एक डेस्कटॉप पहिल्या पंगतीत असतो. त्याच्यासाठी पगारी माणसं असतात, त्याच्यावर चाचण्या होतात, काही बिघडलं तर रिलीज अडवून धरतात. बाकीचे भांडारात पॅकेज म्हणून पडलेले असतात. लागले तर लागले.

मला हे ठाऊक नव्हतं. ऐका आता काय झालं ते.

२०२२ साली आपल्याकडे तीन मशीन आल्या. एका ऑफिसनं भंगारात काढलेल्या. त्यातली एक ३२ बिटची निघाली, ती ते टेबल टेकवायला तशीच ठेवलीय. उरलेल्या दोन, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. मी एक नावाजलेली डिस्ट्रो घेतली. नाव घेत नाही, कारण चूक तिची नव्हती, माझी होती. तिचा पहिल्या पंगतीचा डेस्कटॉप होता ग्नोम. टाकला. मशीन चालू झाली, दिसायला झकास. ब्राउझर उघडला आणि मशीन आजारी म्हशीसारखी बसली. ग्नोम नुसता उघडून ठेवला तरी एक जीबीच्या वर रॅम खात होता. वरून ब्राउझरचे चार टॅब. संपलं.

मग मी हुशारी केली. म्हणलं भांडारात एक्सएफसीई आहे ना, हलका आहे, तोच वर चढवू. ग्नोम तसाच खाली ठेवला, वर एक्सएफसीई बसवला. आता दोन सेटिंगांच्या खिडक्या, दोन फाइल मॅनेजर, दोन कुलूपबंद पडदे. कुठली सेटिंग कुणाचं ऐकते काही कळेना. तरी चाललं. मशीन हलकी झाली, पोरं खूश. पण तिथला एक्सएफसीई जुना वाटला म्हणून मी आणखी हुशारी केली. बाहेरच्या एका खासगी भांडारातून नवा एक्सएफसीई ओढला. कुणा भल्या माणसानं फावल्या वेळात बांधलेला. त्याचे उपकारच. पण तो माणूस डिस्ट्रोला बांधलेला नव्हता आणि डिस्ट्रो त्याला बांधलेली नव्हती.

दोन वर्षांनी डिस्ट्रोची नवी आवृत्ती आली. रात्री सगळे गेल्यावर मी अपग्रेड लावला. पडद्यावर मोठी यादी आली, ही ही पॅकेज काढून टाकणार आहोत, चालेल का? मी वाचलं नाही. मला झोप आली होती. 'हो' दाबलं. दोन्ही मशीनवर दाबलं! म्हणजे एक तरी राखून ठेवावी एवढीही अक्कल नाही. बाहेरचा एक्सएफसीई नव्या आवृत्तीच्या लायब्रऱ्यांशी जुळेना, तेव्हा अपग्रेडनं तो उपटून फेकला. ग्नोमचे अर्धे तुकडे मी आधीच जागा करायला काढले होते. सकाळी मशीन चालू केली. काळा पडदा, मधे एक बाण. माउस हलवला की बाण हलतो. बाकी काही नाही.

त्या दिवशी एका परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. आपल्यातली एक मुलगी, तुम्ही तिला ओळखता, ती सकाळी आठला दारात उभी. सगळी कागदपत्रं त्या मशीनवर स्कॅन करून ठेवलेली. म्हणाली, दादा, होईल ना? मी म्हणलं, होईल. दुपारपर्यंत म्हणत होतो होईल. कागदपत्रं आत शाबूत होती, पण मला ती काढता येत नव्हती, आणि पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालवून ती काढावीत हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. ती मोबाइल घेऊन बसली. साइटवर फोटोचा आकार बसेना. संध्याकाळी नाक्यावरच्या कॅफेत गेली तर तिथं रांग, मग साइट बंद. रात्री बारा वाजले. वर्ष गेलं.

ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून वाचायला घेतला. आणि वाचताना लक्षात आलं, ही पंगतीची भानगड लिनक्सच्या जगात पहिल्यापासून आहे.

केडीई सुरू झालं १९९६ साली, माथियास एट्रिख नावाच्या जर्मन पोरानं, विद्यापीठात शिकताना. ते उभं होतं क्यूटी नावाच्या लायब्ररीवर, आणि त्या लायब्ररीचं लायसन तेव्हा पूर्ण मुक्त नव्हतं. म्हणून १९९७ साली मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन पोरांनी ग्नोम सुरू केलं. म्हणजे भांडण दिसण्याचं नव्हतं, मालकीचं होतं. २००० साली क्यूटी जीपीएलखाली मुक्त झाली. पण तोवर दोन घरं झाली होती आणि कंपन्यांनी आपापलं घर निवडलं होतं. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा पैसा ग्नोमकडे गेला. तो आजही तिकडेच जास्त आहे.

पुढं बघा. स्लॅकवेअर ही सगळ्यात जुन्या जिवंत डिस्ट्रोंपैकी एक. तिनं २००५ साली ग्नोमच काढून टाकलं, कारण ते बांधायला फार कटकटीचं झालं होतं. २०२२ साली तिची १५.० आवृत्ती आली, तिच्यात केडीई आणि एक्सएफसीई. २०१२ साली उबुंटूच्या कंपनीनं, कॅनॉनिकलनं, कुबुंटूला म्हणजे केडीईवाल्या भावंडाला दिलेला पगारी हात काढून घेतला. लिनक्स मिंटनं २०१७ साली जाहीर केलं की १८.३ नंतर केडीईची आवृत्ती निघणार नाही. रेड हॅटनं २०१८ साली केडीईवर 'लवकरच काढणार' असा शिक्का मारला आणि २०१९ च्या आठव्या आवृत्तीत खरंच काढलं. तिथं केडीईवर ज्यांचं काम चालत होतं त्यांनी काय करायचं? बाहेरच्या भांडारातून आणा. म्हणजे माझ्यासारखं करा.

वरच्या पंगतीत जाणारेही आहेत, ते सांगितलं नाही तर मी लबाड ठरेन. फेडोरात केडीई वर्षानुवर्षं दुय्यम 'स्पिन' म्हणून होतं. एप्रिल २०२५ मध्ये फेडोरा ४२ निघालं तेव्हा त्याला ग्नोमच्या बरोबरीची मुख्य आवृत्ती केलं. कुणी मेहेरबानी केली नाही. त्या पोरांनी कित्येक वर्षं चाचण्या केल्या, बग मिटवले, आणि मग दार ठोठावून मागितलं.

आणि पहिल्या पंगतीत असणंही सुखाचं नसतं. २०११ साली ग्नोम ३ आलं. जुनी खालची पट्टी, मेनू, सगळं एका रात्रीत गेलं. ज्यांच्या हाताला जी सवय होती ती हिसकावून घेतली. खुद्द लिनस टोरवाल्ड्स, कर्नल लिहिणारा माणूस, जाहीर वैतागला आणि काही काळ एक्सएफसीईवर गेला. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं जुन्या ग्नोमचा कोड उचलून माटे चालू ठेवलं. माटे हे तिकडच्या चहासारख्या पेयाचं नाव. मिंटवाल्यांनी सिनॅमन काढलं. म्हणजे माणसं आपला डेस्कटॉप सोडत नाहीत. त्यासाठी नवं घर बांधतात. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असता तर एवढं कुणी केलं असतं का?

आता उबुंटूचं उदाहरण नीट समजून घ्या, कारण इथल्या निम्म्या पोरांच्या लॅपटॉपवर तेच आहे. तिथं भांडाराचे भाग आहेत. 'मेन' कंपनी सांभाळते. 'युनिव्हर्स' लोक सांभाळतात. ग्नोम मेनमध्ये. एक्सएफसीईचं पॅकेज उघडून बघा, माहितीत 'युनिव्हर्स' असा शिक्का दिसेल. २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २०२४ ची. ग्नोमवाल्या उबुंटूला ५ वर्षं, २०२९ पर्यंत. त्याच दिवशी निघालेल्या झुबुंटूला ३ वर्षं, एप्रिल २०२७ पर्यंत. एकाच घरात एकाच दिवशी जन्मलेली भावंडं! कंपनीची प्रो नावाची नोंदणी आहे, तिच्यात युनिव्हर्सच्याही सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, व्यक्तिगत वापराला ५ मशीनपर्यंत फुकट. आपल्या मशीन ७. झुबुंटू वाईट आहे असं मी म्हणत नाही, ती स्वयंसेवक मंडळी फार मन लावून काम करतात. मी म्हणतो, टाकण्याआधी तारीख वाचा.

त्या ७ मशीनचं आता. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. चालत्या मशीन ऑफिसांनी बाहेर काढल्या. त्यातल्या पाच आपल्याकडे आल्या. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या, धडधाकट. एकीत ८ जीबी रॅम, बाकी ४ च्या. पहिलं काम काय केलं, वर्गणी काढून सातही मशीनमध्ये छोट्या एसएसडी टाकल्या. डेस्कटॉपवरून भांडणाऱ्यांनी हे लिहून घ्या, त्या एसएसडीनं जो फरक पडला तो कुठल्याही डेस्कटॉपनं पडत नाही.

मग निवड. आधी डेस्कटॉप ठरवला, एक्सएफसीई. हलका आहे, विंडोजवरून आलेल्या पोराला पट्टी-मेनू ओळखीचे वाटतात, आणि दर सहा महिन्यांनी रूप बदलत नाही. नंतर शोधलं, याला पहिल्या पंगतीत कोण बसवतं? मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आहे, त्यांची स्वतःची, मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या. लाडकं लेकरू त्यांचं सिनॅमन आहे, पण एक्सएफसीईला बाहेर बसवलेलं नाही. दोन मशीन महिनाभर त्याच्यावर चालवल्या, तक्रार नाही. ज्याला घरच्या एका लॅपटॉपवर बिनडोकेदुखीचं पाहिजे त्यानं मिंट टाकावं, माझी हरकत नाही.

आपण घेतलं डेबियन १३. ऑगस्ट २०२५ ला निघालं. तिथं कंपनी नाही, म्हणून पगारी लाडकं लेकरूही नाही. मुख्य भांडारात जे आहे त्याला सुरक्षा-दुरुस्त्या देताना ग्नोमला पाच आणि एक्सएफसीईला तीन असा भेद नाही. २०२८ पर्यंत पूर्ण सांभाळ, त्यापुढे २०३० पर्यंत दीर्घ मुदतीचा. एक्सएफसीई ४.२० सोबतच येतं, बाहेरून काही ओढायचं नाही. वायफायची फर्मवेअर २०२३ पासून इन्स्टॉलरमध्येच असते, ती जुनी रड गेली. ३२ बिटच्या पीसीसाठी मात्र १३ मध्ये इन्स्टॉलर नाही, म्हणून ते टेबल टेकलेलंच राहणार.

एक जागा ध्यानात ठेवा. इन्स्टॉल करताना डेस्कटॉप निवडायची यादी येते, तिथं ग्नोमवर आधीच खूण असते. ती काढा, एक्सएफसीईवर खूण करा. दोन्हींवर ठेवलीत की माझी २०२२ ची खिचडी पुन्हा तयार.

म्हणजे तिथंही ग्नोम पहिलं बसलंय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. आणि त्यामागं एक गोष्ट आहे, जी वाचून माझं तोंड बंद झालं. २०१३ च्या अखेरीस डेबियननं पुढच्या आवृत्तीसाठी ठरलेला डेस्कटॉप एक्सएफसीई केला होता. सप्टेंबर २०१४ ला परत ग्नोम केला. कारणांमधलं एक मोठं कारण, ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांच्यासाठीची सोय ग्नोममध्ये फार पुढं होती. मी इकडं ग्नोमला म्हैस म्हणतोय! आपल्यात एक पोरगा आहे, त्याला डाव्या डोळ्यानं थोडं दिसतं, उजव्यानं नाही. त्याला हलका डेस्कटॉप देऊन काय करू? ८ जीबीची मशीन त्याची. तिच्यावर ग्नोम, आणि ओर्का नावाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. ईस्पीक-एनजीच्या आवाजात तो मराठीही वाचतो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, पण तो पोरगा म्हणतो, चालतंय.

शेवटचं, मराठी टंकायचं. हेही डेस्कटॉपच्याच पदरात पडतं, आणि यूट्यूबवाले हे कधी सांगत नाहीत. ग्नोममध्ये आयबस आत गुंफलेलं आहे, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडली की झालं. एक्सएफसीईमध्ये साधी पाटी, इनस्क्रिप्ट किंवा कगप, कीबोर्ड सेटिंगमधूनच मिळते. पण रोमन अक्षरांवरून मराठी उमटवायची तर आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज वेगळं टाकावं लागतं आणि लॉगिनबरोबर चालू होईल असं करावं लागतं. केडीईवर वेलँड चालवत असाल तर 'व्हर्च्युअल कीबोर्ड'च्या सेटिंगमध्ये जाऊन तिथं आयबस किंवा फसिटिक्स ५ निवडावं लागतं. नाव व्हर्च्युअल कीबोर्ड, काम भलतंच. तिथं पोरं अडकतात.

वेलँड म्हणजे पडद्यावर खिडक्या आणायची नवी पद्धत. जुनी एक्स११. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ मध्ये एक्स११ चं दार मूळ सेटिंगमध्ये बंदच ठेवलंय. केडीईही त्याच वाटेवर आहे. एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँड अजून प्रयोगाच्या पातळीवर. डेबियन १३ आहे तोवर आपल्याला झळ नाही. पुढच्या आवृत्तीला हा हिशेब नव्यानं मांडावा लागेल, तेव्हा मी असेन नसेन, पण हे वहीत लिहून ठेवलंय.

मशीन लावून झाली की एक शब्द टंकून बघायचा, 'दुसऱ्या'. त्यातला ऱ्य नीट उमटला, छापला गेला, दुसऱ्या मशीनवर उघडला तरी मोडला नाही, तर पाटी आणि फॉन्ट ठीक.

ती मुलगी यंदा पुन्हा बसतेय. तीन नंबरची मशीन तिची. तिची कागदपत्रं मी आता दोन पेनड्राइव्हवर ठेवलीत, एक तिच्याकडे, एक माझ्या खिशात, हा बघा. अपग्रेड आता रात्री एकट्यानं करायचा नाही असं ठरलंय. दोघांनी बसायचं, एकानं यादी मोठ्यानं वाचायची.

पाच मशीन झाल्यात, दोन राहिल्यात. पुढच्या रविवारी दहाला या. पेनड्राइव्ह आणा, ८ जीबीचा पुरे. आणि कुणाकडे जुनी व्हीजीए केबल असेल तर तीही आणा.